पूर्वज सापडतो तो पावतीवर

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेल्या मराठी माणसाची पहिली अडचण अशी की, त्याच्या पूर्वजांनी मागे पत्ता ठेवलेला नसतो. युरोपातला माणूस गावच्या चर्चमागे जातो, दगडावरचं शेवाळ खरवडतो आणि खापरपणजोबांना जन्ममृत्यूच्या तारखांसह गाठतो. आपल्यातल्या बहुतेकांचे खापरपणजोबा गावच्या ओढ्याकाठी जळाले, तिसऱ्या दिवशी मडक्यात गोळा झाले आणि गोदावरीत नाहीतर भीमेत सोडले गेले. त्यानंतर त्यांची आणि आपली भेट वर्षातून एकदा, पितृपक्षात, कावळ्याच्या मध्यस्थीनं. आणि कावळा नोंद ठेवत नाही. श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं लागतात. गुरुजींनी ‘आजोबांच्या वडिलांचं नाव?’ असं विचारलं की यजमान चुलत्यांकडे बघतात, चुलते छताकडे बघतात आणि शेवटी एखाद्या देवाचं नाव ठोकून देऊन पिंड पुढं सरकवला जातो. तो कोणाला पोचतो हे त्या देवालाच ठाऊक. अशा समाजाला हल्ली वंशावळीचं वेड लागलं आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत माणूस बागकाम, योगासनं आणि सुनेच्या स्वयंपाकघरातली सुधारणा करून पाहतो. सातव्या महिन्यात तो मूळ पुरुष शोधू लागतो.

या शोधाला निघालेल्या मंडळींना एकच सांगणं आहे. पूर्वजांचे गुण शोधू नका, त्यांचे पैसे आणि त्यांची भांडणं शोधा. ज्या माणसाकडून कोणाला तरी काही येणं होतं, किंवा ज्याला कोणाच्या तरी हातून काही सोडवून घ्यायचं होतं, तोच माणूस कागदावर धडपणे शिल्लक राहिला. सज्जन, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा पूर्वज इतिहासाच्या दृष्टीनं फुकट गेला. ज्यानं सारा थकवला, बांध कोरला, भावावर फिर्याद केली किंवा तीर्थक्षेत्री जाऊन दक्षिणा दिली, तो दोनशे वर्षांनंतरही नाव, गाव, बापाचं नाव आणि साक्षीदारांसह हजर असतो. हे ऐकायला कडू आहे, कारण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला मुळात अभिमानाची सोय करायची असते. पण पुरावा सगळा याच बाजूनं पडतो.

सुरुवात तीर्थोपाध्यायांच्या वह्यांपासून करू. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार या क्षेत्रांतल्या उपाध्यायांकडे शेकडो कुटुंबांच्या नामावळ्या आहेत. यात्रेकरू उतरला की पहिला प्रश्न ‘आडनाव काय, मूळ गाव कोणतं?’ हा असतो. कुठली गावं आणि कुठली आडनावं कोणाकडे, हे ठरलेलं असतं. बरोबर उपाध्यायाच्या दारात पोचलं की माळ्यावरून लांबट, लाल कापडात बांधलेली वही खाली येते. पाहुण्याचे आजोबा कोणत्या साली आले, बरोबर कोण होतं, कोणाच्या अस्थी आणल्या होत्या, किती भाऊ, भावांना किती मुलगे, हे सगळं तिच्यात असतं. खाली आजोबांची स्वतःची सही. नातू गहिवरतो. गहिवरायला हरकत नाही, फक्त ही वही कोणी आणि का सांभाळली हे विसरू नये. वही म्हणजे उपाध्यायांच्या घरची मालमत्ता. ती वारसाहक्कानं जाते, भावाभावांत वाटली जाते, गहाण पडते, विकलीही जाते. यात्रेकरूकडून लिहून घेतलेला लेख असा असतो की, आमच्या वंशातला जो कोणी इथं येईल त्यानं यांनाच उपाध्याय मानावं. म्हणजे आपले आजोबा तिथं भाविक म्हणून जेवढे नोंदले गेले, तेवढेच गिऱ्हाईक म्हणूनही नोंदले गेले, आणि शेजारच्या उपाध्यायानं ते पळवू नयेत म्हणून त्यांची सही जपली गेली. धर्मभावनेनं वही उघडली जाते, पण ती वाळवीपासून वाचवली ती स्पर्धेनं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन पंथाच्या वंशशास्त्र संस्थेनं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिद्वारच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढून नेल्या. या पंथाची श्रद्धा अशी की, मेलेल्या पूर्वजांनाही मागाहून दीक्षा देऊन तारता येतं. त्यांचाही हिशेबच, फक्त नाणं वेगळं.

आता भांडणांकडे वळू, कारण या बाबतीत महाराष्ट्राची श्रीमंती दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेली नाही. पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी, चौगुलकी ही वतनं वंशपरंपरेची. वतन वंशानं मिळायचं, म्हणून वतनाचा तंटा लागला की आधी वंश सिद्ध करावा लागायचा. वादी आपला करीना लिहून देई: मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरला कोण, कोणाचा निर्वंश झाला, दुष्काळात कोण परागंदा झाला, त्याच्या माघारी वतन कोणी गिळलं. प्रतिवादीचा करीना तेच नातेवाईक घेऊन नेमकी उलटी गोष्ट सांगे. मग गोतसभा बसे, महजर, म्हणजे सभेच्या निर्णयाचा कागद, होई, त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, शेटे-महाजन तराजूची आणि बलुतेदार आपापल्या अवजाराची खूण करीत. एवढ्यानंही मिटलं नाही तर दिव्य: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा आणि हात पिशवीत शिवून काही दिवसांनी सगळ्यांसमोर उघडायचा. आपल्या पणजोबांच्या पणजोबांचा हात भाजला की नाही हेसुद्धा सांगणारा कागद जगात फार ठिकाणी मिळत नाही. कारीच्या जेध्यांची वतनदारी आणि तिच्यासाठी झालेले संघर्ष यांतूनच जेधे करीना आपल्यापर्यंत आला. त्याच घराण्यातली जेधे शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली, १९१६ साली छापली गेली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात सर्वांत वजनदार पुरावा ठरली. एका घराण्यानं आपल्या वतनाच्या काळजीनं दप्तर सांभाळलं नसतं, तर अख्ख्या महाराष्ट्राला आपल्या राजाची तिथी ठरवताना आणखी जड गेलं असतं.

पेशवे दफ्तराची कथाही हीच. पुण्यातल्या त्याच्या इमारतीत मोडी कागदांचे डोंगर आहेत, आणि ते आहेत याचं श्रेय इतिहासप्रेमाला फार कमी जातं. कंपनी सरकारनं राज्य घेतल्यावर त्याला एकच चिंता होती: हे जे हजारो लोक ‘आमची जमीन इनाम आहे, सारा माफ आहे’ असं म्हणतात, त्यांतले खरे किती? त्या शंकेपोटी १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं, घराघरांतून सनदा मागवल्या गेल्या, पेशव्यांच्या हिशेबांशी ताडून पाहिल्या गेल्या. सरकारला सारा हवा होता म्हणून रुमाल शाबूत राहिले. त्यांतले वेचे रियासतकार सरदेसाईंनी पुढं पंचेचाळीस खंडांत छापले. याच्या उलट चित्र पाहायचं तर वि. का. राजवाड्यांच्या वणवणीकडे पाहावं. ज्या घरांचं वतन बुडालं, तंटे संपले, त्यांचे कागद वाण्याच्या पुड्यांना आणि पावसाच्या गळतीला गेले. राजवाडे त्यांच्यामागं गावोगाव पायपीट करत राहिले. त्यातून बावीस खंड आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. राजवाडे पुन्हा होणे नाहीत. येणं वसूल करू पाहणारे मात्र दर पिढीत मुबलक होतात, म्हणून कागदानं भरवसा ठेवावा तो त्यांच्यावर.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सगळं जाळणाऱ्यांचं झालं. पुरणाऱ्यांच्या दफनभूमीतला दगड तर प्रेमानं बसवलेला असतो, तिथं कसला आला हिशेब? आक्षेप मोलाचा आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती, मुसलमान, बेने इस्रायल, लिंगायत, गोसावी, नाथपंथी असे पुरणारे समाज पुष्कळ आहेत, आणि कोकणातल्या बेने इस्रायलांच्या दफनभूमी तर मराठी वाचकानं मुद्दाम बघाव्यात अशा आहेत. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा आहे. तिथले दोन उंचवटे म्हणजे बुडालेल्यांच्या समाध्या मानल्या जातात. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी, आणि आडनाव गावाचं: नवगावकर, पेणकर, किहीमचे केहिमकर. मुंबईत १७९६ साली या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल दिवेकर मराठी कागदांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून भेटतात. तेव्हा इस्रायलहून आलेला पणतू नुसतं ‘सॅम्युएल’ शोधत बसला, तर सामाजी त्याच्या नाकासमोरून निघून जातील. दगड बोलतो, यात वाद नाही. पण तो काय बोलतो ते नीट ऐकावं. दगडावर जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि गुणवर्णन असतं. आणि जगातली कुठलीही दफनभूमी फिरून आलं तरी तिथं प्रेमळ पती, आदर्श माता आणि परोपकारी सद्गृहस्थ यांखेरीज कोणाला पुरलेलं आढळत नाही. गावातले सगळे तिरसट लोक गेले कुठं, याचा खुलासा दगड करत नाही.

शिवाय दगड टिकतो तोही पैशानं. मुंबईत मेलेल्यांनाही जागेची टंचाई आहे. बहुतेकांना कायमची कबर परवडत नाही. काही वर्षांनी अस्थी उचलून भिंतीतल्या कोनाड्यात जातात आणि जागा पुढच्याला मिळते. मुंबईतल्या मेलेल्यालाही भाडेकरूच राहावं लागतं. मग पणजोबांना शोधायचं कुठं? दफनभूमीच्या कचेरीतल्या नोंदवहीत. तिथं तारीख असते, वय असतं, कबरीचा क्रमांक असतो, कारण त्यावर फी आकारलेली असते. चर्चची बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची पुस्तकंही याच कुळातली. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांच्या अशा नोंदींच्या नकला नेमानं लंडनला रवाना होत, म्हणून आजही पुण्यात किंवा दापोलीत मेलेल्या सार्जंटची खबर त्याच्या पणतीला तिथं बसून लागते. ती दगड बघायला येते ती मागाहून, फोटोपुरती. आपल्याकडच्या दगडांपैकी सर्वांत उदार म्हणजे वीरगळ. गायी सोडवताना किंवा लढाईत पडलेल्या वीराचा तो दगड बहुतेक ठिकाणी नावाशिवाय असतो, आणि हीच त्याची मोठी सोय आहे. गावातलं जे घराणं वर येतं, त्याचा तो वीर होतो.

गोव्यात हा मुद्दा इतका ठळक दिसतो की, ज्याला शंका असेल त्यानं मांडवी ओलांडावी. सोळाव्या शतकात धर्म बदलला तेव्हा नावं बदलली; एका रात्रीत शेणवी, नायक, प्रभू यांचे फर्नांडिस आणि परेरा झाले, आणि गावच्या गाव एकाच पाद्र्याच्या आडनावानं ओळखलं जाऊ लागलं. आता सगळ्या फर्नांडिसांतून आपला मूळ पुरुष काढायचा कसा? देव बदलला, भाषा काही ठिकाणी बदलली, पोशाख बदलला. एक गोष्ट मात्र कोणी बदलू दिली नाही, ती म्हणजे गांवकारीतला वाटा. गावची सामायिक जमीन गांवकरांच्या मालकीची, आणि गांवकर वांगडांत, म्हणजे कुळांत, विभागलेले. उत्पन्न उरलं की त्यातला हिस्सा गांवकरांच्या वंशजांना मिळायचा. पोर्तुगिजांनी १५२६ सालीच अफोंसो मेशियाच्या फोराल या सनदेत या रिवाजांची नोंद करून घेतली, कारण त्यांनाही महसूल याच गांवकारीकडून घ्यायचा होता. त्यामुळे आत्मा कोणाच्या ताब्यात गेला याचा हिशेब धर्मगुरूंनी ठेवला असेल. माणूस कोणत्या वांगडातला, कोणाचा मुलगा, हा हिशेब गांवकारीनं ठेवला. बाप्तिस्म्याचं पुस्तक आणि गांवकारीची वही शेजारी शेजारी ठेवली की पुसलेली वंशावळ दिसू लागते. वर्षाला मिळणारी रक्कम पुढं पुढं इतकी किरकोळ झाली की तिच्यात धड जेवणही होऊ नये. पण नाव लावायला कोणी चुकलं नाही.

दुसरा आक्षेप कुलवृत्तांतांचा. विसाव्या शतकात चित्पावन आणि इतर घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले. एकेका गृहस्थानं आयुष्य घालवून पोस्टकार्डं पाठवली, उत्तर न देणाऱ्या भाऊबंदांना स्मरणपत्रं पाठवली, शाखा-उपशाखांचे तक्ते मांडले. त्यात पैसा मिळणं दूरच, गाठचा गेला. हे तर निखळ प्रेमाचं काम! त्या कष्टांपुढं टोपी काढावी, यात दुमत नाही. पण कुलवृत्तांत शहाण्यासारखा वाचायचा तर शेवटापासून सुरुवातीकडे वाचावा. अलीकडच्या चार पिढ्या चोख असतात: कोण इंजिनिअर, कोण बँकेत, कोणाची मुलगी कोणाकडे दिली. जसजसं मागं जावं तसतशी नोकरी मोठी आणि पुरावा लहान होत जातो, आणि १८०० च्या अलीकडे-पलीकडे प्रत्येक घराण्याचा कोणी ना कोणी ‘पेशव्यांच्या पदरी’ निघतोच. ‘पदरी’ हा हुद्दा असा की, त्यात सरदारही बसतो आणि पाणक्याही बसतो. पण वृत्तांतात पाणक्या कधी बसत नाही. सगळेच पदरी होते तर पेशव्यांना सावकारांकडून एवढं कर्ज का काढावं लागलं, याचं उत्तर मात्र त्यातून मिळतं. ही फक्त ब्राह्मणांची खोड समजू नये. कोणी सूर्यापर्यंत पोचतो, कोणी चंद्रापर्यंत, कोणी रजपुतान्यापर्यंत. मधल्या मुक्कामांवर चुकूनही कोणी कोरडवाहू जमीन कसताना दिसत नाही. कुलवृत्तांताचा जो भाग भरवशाचा असतो, तो बहुधा फेरिस्ता, निवाडपत्र किंवा उपाध्यायांची वही यांवरून उतरवलेला असतो. म्हणजे पुन्हा आपण पावतीपाशीच आलो.

तिसरा आक्षेप या सगळ्यांत धारदार आहे. जिथं पैसा तिथं लबाडी, हे शेंबडं पोरही सांगेल. मग पैशाच्या कागदावर भरवसा कसा ठेवायचा? बनावट सनदा होत्याच. जुन्या शिक्क्यांच्या नकला करणारे कारागीर होते, कागद जुना दिसावा म्हणून धुरात धरणारे होते, आणि निर्वंश भावाला मेल्यावर मुलगा झाल्याचेही दाखले निघत. सगळं कबूल. पण खोट्या-खोट्यांत फरक असतो. पैशासाठी बोललेल्या खोट्याला प्रतिवादी असतो. अभिमानासाठी बोललेल्या खोट्याला श्रोते असतात. थोरल्यानं ‘धाकट्याचा वंश खुंटला’ असं लिहून दिलं की त्याच बस्त्यात धाकट्याचा नातू पुढच्या पानावर हजर होतो आणि साक्षीला पाच गावचे पाटील आणतो. कुलवृत्तांतात मूळ पुरुषानं पानिपतावर पराक्रम केला असं छापलं, तर हरकत घ्यायला पानिपताहून कोणी येत नाही. वंशावळ तपासण्याचं काम शत्रूइतकं मन लावून कोणी करत नाही, आणि चुलतभावाइतका माहितगार शत्रू मिळत नाही.

ही कसोटी सरकारी नोंदींनाही लागू पडते. एका अख्ख्या पिढीचा जन्म महाराष्ट्रात १ जूनला झालेला आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला मुलाची तारीख ठाऊक नसायची, मास्तर दाराकडे तोंड करून उभ्या पोराच्या उंचीवरून साल ठरवायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून टाकायचे. या तारखेनं कोणाचंच नुकसान होत नव्हतं, म्हणून ती पेन्शनीपर्यंत बिनतक्रार टिकली. याउलट गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक. त्यात जन्माच्या रकान्यात बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण कोतवाल बारशापर्यंत थांबत नसे. आपले तालेवार आजोबा त्या पानावर फक्त ‘मुलगा’ एवढेच असतात; बापाचं नाव, जात आणि तारीख तेवढी धड. मृत्यूच्या रकान्यात निम्मं गाव ‘ताप’ या एकाच कारणानं गेलेलं असतं. हे पुस्तक वर्षानुवर्षं तहसील कचेरीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. मग २०२३ साली आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि त्या धुळीला भाव आला. महसूल, शाळा, भूमी अभिलेख, पोलीस, तुरुंग, कुठकुठली दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणारा माणूस, ज्याला आजवर लग्नात कोणी ओळखत नव्हतं, त्याला आणायला गाड्या जाऊ लागल्या. आजोबांचं नाव तुरुंगाच्या वहीत निघालं तरी चालेल, शेजारी जात लिहिलेली असली म्हणजे झालं, अशी वेळ आली. आरक्षणाच्या प्रश्नाचा निकाल लावणं विनोदी लेखाचं काम नाही. पण महाराष्ट्रानं इतक्या मोठ्या संख्येनं आपले पूर्वज शोधले ते इतिहासाच्या प्रेमानं नव्हे, एवढं नोंदवायला हरकत नसावी. आणि त्या प्रत्येक नोंदीवर जितकी हरकत घेतली गेली, तितकी एकाही कुलवृत्तांतावर घेतली गेलेली नाही.

शेवटचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्याकडे ना जमीन, ना वतन, ना दक्षिणेला पैसा, त्यांचे पूर्वज कोणत्या वहीत शोधायचे? इथं नियम मोडतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो जास्तच क्रूरपणे खरा ठरतो. राबवून घेणारा आपल्या राबणाऱ्याची नोंद ठेवतोच. महारांचं वतन हे गावची आणि सरकारची अहोरात्र चाकरी वंशपरंपरेनं बांधून घेणारं साधन होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध दुरुस्ती विधेयक मांडलं ते त्यासाठीच. पण गावच्या शिवेचा वाद आला की सीमा ठाऊक असणारा साक्षीदार म्हणून महारांचीच जबानी घेतली जाई, आणि महजरात त्यांची नावं बापाच्या नावासह उतरत. त्याहून लांबचा दाखला मॉरिशसचा. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर नेले गेले. पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत या बेटावर जवळजवळ पाच लाख मजूर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरीकडचे मराठीही होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा अशी नोंद होई, आणि १८६० च्या दशकापासून फोटोही काढले जात. कारण साधं: मजूर करार मोडून पळाला तर ओळखता यावा. हे दप्तर आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्या काळात पुण्यातल्या वाड्यांत राहणाऱ्या कित्येक मातब्बरांचा चेहरा त्यांच्या पणतवंडांना माहीत नाही. रत्नागिरीच्या एका उपाशी मजुराच्या भुवईवरचा व्रण मात्र त्याच्या वंशजांना दाखवता येतो. मळेवाल्यानं हे प्रेमानं केलं नाही, पण पणतीला त्याचा उपयोग होतो.

बायकांचंही तसंच. वंशवृक्षाच्या तक्त्यात त्या बहुधा नसतात. झाड सगळं पुरुषांचं. त्या कुठं सापडतात? विधवेनं दत्तक घेतला आणि दिरांनी हरकत घेतली, त्या कागदात. आणि अगदी आपल्या काळात, तलाठ्याकडच्या वारसाच्या फेरफारात. तिथं लग्न होऊन गेलेल्या बहिणी, त्यांच्या सासरच्या आडनावांसह, ओळीनं उभ्या असतात. खालच्या नोंदीत त्यांनी राजीखुशीनं हक्क सोडल्याचं लिहिलेलं असतं आणि राजीखुशीचे अंगठे असतात. आत्याचं नाव घराण्याच्या इतिहासात आलं ते तिनं आपला वाटा दिला त्या कागदावर. वाटा न सोडणाऱ्या आत्यांची नावं कोर्टातही मिळतात, आणि तिथं ती जास्त ठसठशीत असतात. ज्यांच्याकडे कागदच नव्हता, त्यांच्यासाठी दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी होते: बैल घेऊन दारी येणारे, घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं म्हणून दाखवणारे. तेही धान्य आणि कपडा घेऊन जात. नव्या पिढीनं शिधा थांबवला, आणि त्या घरांचे पणजोबाही थांबले.

आता काही जण म्हणतील, हे सगळं कशाला, नळीत थुंकून पाठवली की डीएनएचा अहवाल येतो. येतो खरा. भरपूर पैसे भरल्यावर आपण दक्षिण आशियाई आहोत असं कळतं, जे आरशात फुकट कळत होतं. पणजोबांनी बांध किती फूट सरकवला हे त्यात येत नाही, आणि बांध सरकवणारा पणजोबा कळल्याशिवाय घराणं कळलं असं म्हणता येत नाही.

तेव्हा ज्यांना मागं जायचं आहे त्यांनी रद्दीवाल्याच्या आधी माळ्यावर जावं. जुनी खरेदीखतं, सारा भरल्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाची पुस्तकं, कोर्टाची समन्सं आधी बघावीत. आजोबांना मिळालेलं मानपत्र शेवटी. तालुक्याला जाऊन नमुना १४ आणि जुने फेरफार बघावेत. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग लागतात, ते करावेत. तीर्थक्षेत्री गेलात तर वहीत घरातल्या बायकांची नावं पुरी, माहेरच्या नावासह लिहावीत आणि दक्षिणेत घासाघीस करू नये, कारण तुमच्या पणतूची ती सोय आहे. घरातली सर्वांत म्हातारी आत्या शुद्धीवर आहे तोवर तिला तिच्या आजीचं नाव विचारून, तारीख घालून लिहून ठेवावं. आणि कोणाचं कोणाशी का वाजलं हेही विचारावं, ते तर ती न विचारता सांगेल. आणि पुढच्या दोनशे वर्षांत आपलंही नाव कोणाला सापडावं अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी परोपकारावर फार विसंबू नये. भावकीशी शिवेचा एखादा दावा चालू ठेवावा आणि कोर्टाच्या फीची पावती जपून ठेवावी.